दोन प्लास्टिकं एकजीव होत नाहीत, तरी ती एकत्र नांदवता येतात

सत्तर भाग नायलॉन-६ आणि तीस भाग पॉलिप्रॉपिलीन (बाजारात ज्याला नुसतं पीपी म्हणतात) एक्स्ट्रूडरमध्ये, म्हणजे तापवून स्क्रूने पुढे ढकलणाऱ्या यंत्रात, वितळवून घुसळलं, तर डायमधून (यंत्राच्या तोंडाच्या भोकातून) बाहेर येणारी दोरी पांढरट आणि दिसायला अगदी एकसारखी असते. तिचा दाणा कापून इंजेक्शन मोल्डिंगवर पट्टी काढा आणि वाकवा. पट्टी कटकन तुटते. तुटलेल्या कडेला नख लावलं की कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. नायलॉन एकटं चिवट असतं, पीपीही एकटं असं तुटत नाही. दोघांचं मिश्रण मात्र दोघांहूनही वाईट निघतं. याच मिश्रणात पाच टक्के योग्य दुवा (दोघांना जोडणारा पदार्थ) घातला तर तेच दोन पदार्थ पापुद्रा न सुटता एकत्र राहतात. हे का होतं आणि कसं साधायचं, ते याच एका जोडीच्या आधाराने पाहू.

सुटे दाणे आणि ओवलेल्या माळा

एका डब्यात मूठभर ज्वारी आणि मूठभर बाजरी टाकून डबा हलवला की दोन्ही मिसळतात. दाण्यांना एकमेकांची ओढ असते म्हणून नव्हे. मिसळलेल्या अवस्थेत दाण्यांच्या मांडणीचे प्रकार प्रचंड असतात, वेगवेगळ्या थरांत राहण्याचे फार थोडे. निसर्ग जास्त शक्यतांच्या बाजूला झुकतो, आणि या झुकावाचं माप म्हणजे एंट्रॉपी. पाणी आणि अल्कोहोल सहज मिसळतात त्यात हाच मोठा वाटा आहे.

आता हेच दाणे हजार-हजारांच्या माळांत ओवले आहेत असं समजा. एक दाणा हलला तर त्याच्यामागे नऊशे नव्व्याण्णव फरफटत जातात. प्रत्येक दाण्याला स्वतंत्र जागा निवडायची मुभा उरत नाही, निवडायची ती फक्त माळेला. मिसळण्यातून मिळणारा एंट्रॉपीचा लाभ त्यामुळे हजारपट आटतो. प्लास्टिक ज्यांचं बनतं ते पॉलिमर म्हणजे अशाच माळा, छोट्या घटकांच्या लांब साखळ्या. पॉल फ्लोरी आणि मॉरिस हगिन्स यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हा हिशेब गणितात बसवला. फ्लोरींना पुढे १९७४ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

त्यांच्या हिशेबात दोन प्रकारच्या घटकांमधली परस्परांविषयीची नावड एका आकड्याने मोजतात. सारख्या आकाराच्या दोन साध्या द्रवांमध्ये हा आकडा २ पेक्षा कमी असला तर ते सगळ्या प्रमाणांत मिसळतात. साखळीत हजार-हजार घटक असले की हीच मर्यादा २ भागिले १,०००, म्हणजे ०.००२ वर येते. इतक्या किंचित नावडीनेही घर फुटतं. पॉलिएथिलीन आणि पीपी दोन्ही निव्वळ कार्बन-हायड्रोजनचे, फरक इतकाच की पीपीच्या साखळीत एक सोडून एक कार्बनला छोटी मिथाइल फांदी आहे. तेवढ्यावर दोघं वेगळे होतात. याहून टोकाचं उदाहरण १९८५ साली पॉलिब्युटाडायीनमध्ये दिसलं. एकात हायड्रोजन आणि दुसऱ्यात त्याचंच जड भावंड ड्युटेरियम, बाकी रसायन तेच, तरी साखळ्या पुरेशा लांब केल्यावर मिश्रण फुटायच्या उंबरठ्यावर आलं.

म्हणून दोन पॉलिमर मिसळत नाहीत हा नियम धरून चालावं आणि मिसळले तर तो अपवाद मानावा. नव्या जोडीवर काम करताना उलटं गृहीत धरून सुरुवात करणारे बरेच दिवस वाया घालवतात.

अपवाद, पण मोलाचे

सगळ्यात गाजलेला अपवाद पॉलिफिनिलीन ऑक्साइड (पीपीओ) आणि पॉलिस्टायरीन यांचा. दोघांच्या साखळीत बेंझिनची कडी आहेत आणि त्या कड्यांना एकमेकांची थोडीशी ओढ आहे. नावडीचा आकडा इथे शून्याखाली जातो, त्यामुळे एंट्रॉपीच्या मदतीची गरजच उरत नाही. पीपीओ सुमारे २१० अंश सेल्सिअसला मऊ होऊ लागतं आणि मोल्डिंगला लागणाऱ्या तापमानात खराब होतं. एकट्याने त्याच्याकडून काम करून घेणं जिकिरीचं. जनरल इलेक्ट्रिकने १९६० च्या दशकात त्यात पॉलिस्टायरीन मिसळून ‘नोरिल’ बाजारात आणलं तेव्हा कुठे ते खऱ्या अर्थाने वापरात आलं.

खरोखर एकजीव झालेल्या मिश्रणाची खूण म्हणजे त्याला काचसंक्रमणाचं तापमान एकच असतं. (या तापमानाखाली पदार्थ काचेसारखा ताठ असतो, वर गेल्यावर साखळ्या सैल होतात.) फॉक्सचं सूत्र वापरून ते आधीच काढता येतं: वजनी प्रमाण भागिले केल्व्हिनमधलं तापमान, असे दोघांचे भागाकार मिळवायचे आणि बेरजेचा व्यस्त घ्यायचा. पॉलिस्टायरीन ३७३ केल्व्हिन, पीपीओ ४८३ केल्व्हिन, निम्मे-निम्मे घेतले तर उत्तर ४२१ केल्व्हिन येतं, म्हणजे जवळपास १४८ अंश सेल्सिअस. मोजणीत दोन वेगळी संक्रमणं दिसली तर दोन पदार्थ आपापल्या खोलीत बसले आहेत, हे नक्की.

पारदर्शकतेवर मात्र विसंबू नये. थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप बारीक असले, किंवा दोघांचा अपवर्तनांक योगायोगाने जुळला, तर विभक्त मिश्रणही काचेसारखं स्वच्छ दिसतं.

आणखी एक गोष्ट स्वयंपाकघरातल्या अनुभवाच्या उलट आहे. साखर गरम चहात जास्त विरघळते. एकजीव होणाऱ्या पॉलिमरच्या कित्येक जोड्या मात्र तापवल्यावर फुटतात. पॉलिस्टायरीन आणि पॉलिव्हिनाइल मिथाइल ईथर यांची पातळ फिल्म खोलीच्या तापमानाला स्वच्छ असते, शंभर अंशांच्या वर कुठेतरी दुधी होते. साखळ्यांमधली ओढ उष्णतेने सैल पडते आणि दोघं वेगवेगळ्या वेगाने प्रसरण पावतात. अशा जोडीचं मोल्डिंग करताना बॅरलचं (रस वितळवणाऱ्या नळीचं) तापमान वाढवणं हा उपाय ठरत नाही, तोच आजार असतो.

थेंब बारीक कसे होतात

नायलॉन आणि पीपी कधीच एकजीव होणार नाहीत. ते मान्य केल्यावर काम उरतं ते एवढंच: एकाचे थेंब दुसऱ्यात बारीक पसरवायचे, ते पुन्हा एकत्र येऊ द्यायचे नाहीत आणि त्यांच्या सीमेवर पकड बसवायची.

थेंब फोडण्यासाठी वितळलेल्या रसाला स्क्रू ताणतो, तर पृष्ठताण थेंबाला गोल ठेवू पाहतो. ताण जिंकला की थेंब लांबतो, दोऱ्यासारखा होतो आणि तुटून मण्यांची रांग बनते. इथे दोन रसांच्या घट्टपणाचं गुणोत्तर निर्णायक असतं. थेंबातला रस बाहेरच्या रसाच्या जवळपास चौपट घट्ट असला, तर नुसत्या घसरणाऱ्या प्रवाहात तो फुटतच नाही, जागच्या जागी गरगर फिरतो. गुणोत्तर एकाच्या आसपास किंवा थोडं खाली असावं. रॅफिया ग्रेडचं (विणलेल्या पोत्यांच्या पट्ट्यांसाठीचं) पीपी, मेल्ट फ्लो इंडेक्स (रस किती सहज वाहतो याचा आकडा, जितका मोठा तितका रस पातळ) सुमारे ३, हाताशी आहे म्हणून पातळ इंजेक्शन ग्रेड नायलॉनमध्ये ढकललं तर थेंब जाड राहतात. इंडेक्स १०-१२ चं पीपी तिथे बरं पडतं.

पण मेल्ट फ्लो इंडेक्सची तुलना जपून करावी. पॉलिएथिलीनचा आकडा १९० अंशांना मोजतात, पीपीचा २३० ला, शिवाय ती चाचणी संथ प्रवाहात होते. एक्स्ट्रूडरमध्ये रस कितीतरी वेगाने घासला जातो आणि प्रत्येक पॉलिमर त्या वेगात वेगळ्या प्रमाणात पातळ होतो. शक्य असेल तर प्रक्रियेच्या तापमानाला कॅपिलरी रिओमीटरवर (बारीक नळीतून रस ढकलणाऱ्या यंत्रावर) मोजलेला घट्टपणा घ्यावा.

दुसरा प्रश्न: थेंब कोणाचे आणि भोवतालचा समुद्र कोणाचा? दोघांच्या आकारमानांचं गुणोत्तर त्यांच्या घट्टपणाच्या गुणोत्तराइतकं झालं की पारडं फिरतं. पातळ रसाचा कल नेहमी घट्ट रसाला वेढून टाकण्याकडे असतो. हिशेब आकारमानाचा करायचा, वजनाचा नव्हे, आणि इथेच पुष्कळ जण चुकतात. नायलॉन-६ ची घनता १.१३, पीपीची ०.९०. वजनाने ७०:३० म्हणजे आकारमानाने ६५:३५. पीपीचा घट्टपणा नायलॉनच्या निम्म्याजवळ घसरला (३५ भागिले ६५ म्हणजे ०.५४) की समुद्र पीपीचा होऊ लागतो, आणि ‘सत्तर टक्के नायलॉन’ असूनही पट्टी उष्णतेत पीपीसारखी मऊ पडते.

दुवा काय करतो

दुवा, म्हणजेच कम्पॅटिबिलायझर. नायलॉन-पीपीसाठी तो मॅलिक अनहायड्राइड कलम केलेला पीपी असतो. पीपीच्या साखळीवर अनहायड्राइडची लहान कडी बसवलेली असतात, वजनाने साधारण अर्धा ते एक टक्का. नायलॉनच्या साखळीच्या टोकाला अमाइन असतं. वितळलेल्या अवस्थेत ते अनहायड्राइडला भिडलं की पाण्याचा एक रेणू सुटतो आणि पक्का रासायनिक बंध तयार होतो. आता त्या साखळीचा एक पाय पीपीच्या थेंबात, दुसरा नायलॉनच्या समुद्रात.

याचे परिणाम तीन. पृष्ठताण कमी होऊन थेंब सहज फुटतात. घन झाल्यावर सीमा उघडत नाही, भार एका बाजूकडून दुसरीकडे पोचतो. तिसरा परिणाम माझ्या मते सगळ्यात मोठा: प्रत्येक थेंबाभोवती साखळ्यांची लव उगवते, त्यामुळे दोन थेंब जवळ आले तरी एकमेकांत मिसळत नाहीत. दुव्याशिवाय थेंब एक्स्ट्रूडरमध्ये बारीक होतात खरे, पण डाय आणि साच्यापर्यंत पोचेतो पुन्हा एकत्र येऊन फुगतात.

आकडे पाहिले की हे किती नाजूक काम आहे ते कळतं. दहा किलो मिश्रणात थेंब दहा मायक्रॉनचे असले तर सगळ्या सीमा मिळून सुमारे २,००० चौरस मीटर होतात, अर्ध्या एकराइतक्या. एक मायक्रॉनचे झाले की २०,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ पाच एकर. हे पाच एकर अर्ध्या किलो दुव्याने विणायचे आहेत. एक टक्का अनहायड्राइडच्या अर्ध्या किलोत सुमारे ५१ मिलिमोल (रेणूंची संख्या मोजायचं एकक) कडी असतात, तर सात किलो नायलॉनमध्ये (किलोमागे ४५ धरली तर) अमाइनची ३१५ मिलिमोल टोकं. अमाइन मुबलक आहे. पुरेसा दुवा सीमेवर पोचला की जास्तीचा थेंबाच्या पोटात पडून राहतो, म्हणून पाचाचे पंधरा टक्के केल्याने चिवटपणा तिपटीने वाढत नाही.

दुवा निवडताना फक्त अनहायड्राइडची टक्केवारी पाहू नये. कलम करताना पेरॉक्साइड वापरतात आणि पेरॉक्साइड पीपीची साखळी तोडतं. जितकं जास्त कलम तितकी साखळी आखूड. आखूड साखळी थेंबातल्या पीपीत नीट गुंतत नाही आणि ताणाखाली निसटून येते. (पॉलिएथिलीनमध्ये उलट घडतं, पेरॉक्साइडने साखळ्या एकमेकींना जोडल्या जाऊन गाठी होतात.) म्हणून मध्यम कलम आणि बऱ्यापैकी लांब साखळी असलेला दुवा बहुतेक वेळा सरस ठरतो.

दहा किलोचा घाणा

नायलॉन-६ ७ किलो, पीपी २.५ किलो, कलम केलेला पीपी ०.५ किलो, अँटिऑक्सिडंट २५ ग्रॅम.

नायलॉन आधी वाळवायचं: ८० अंशांना ४ ते ६ तास, ओलावा ०.१ टक्क्याच्या खाली येईपर्यंत. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात साधा हॉपर ड्रायर बाहेरचीच दमट हवा तापवून दाण्यांतून सोडतो, त्यामुळे हा आकडा गाठत नाही. तिथे डीह्युमिडिफायिंग ड्रायरच लागतो. ओलं नायलॉन बॅरलमध्ये स्वतःच तुटतं, शिवाय ओलाव्याने अनहायड्राइडची कडी उघडतात आणि बंध बसायचे मंदावतात. दुव्याची पिशवीही उघडी ठेवू नये.

एकाच दिशेने फिरणारा ट्विन स्क्रू एक्स्ट्रूडर घ्यावा, लांबी व्यासाच्या चाळीसपट असली तर उत्तम. तापमान फीडला २१० ते २२०, पुढे २३५ ते २४०. नायलॉन-६ २२० अंशांना वितळतं, त्यामुळे यापेक्षा थंड चालवलं तर अर्धवट वितळलेले दाणे पुढे सरकतात. वेग २५० ते ३०० फेरे. मळणाऱ्या चकत्यांचे किमान दोन टप्पे हवेत, पहिला वितळवण्यासाठी आणि दुसरा मिसळण्यासाठी. दुसऱ्या टप्प्यानंतर व्हॅक्यूम व्हेंट, कारण बंध जुळताना सुटलेलं पाणी आणि न जोडलेलं अनहायड्राइड तिथूनच बाहेर निघतं. त्या वाफेचा ठसका लागतो, डोळे चुरचुरतात, म्हणून धुराडं चालू असल्याशिवाय मशीन सुरू करू नये. दोरी पाण्याच्या टाकीतून नेऊन कापायची आणि मोल्डिंगआधी दाणा पुन्हा वाळवायचा.

बंध बसले की नाही हे पाहायला महागडं यंत्र लागत नाही. मोलाऊ चाचणी करावी: अर्धा ग्रॅम दाणा २५ मिलिलिटर, ८५ ते ९० टक्के फॉर्मिक ॲसिडमध्ये टाकून एक दिवस ठेवा. नायलॉन त्यात विरघळतं, पीपी नाही. बंध नसतील तर पीपी वर तरंगतं आणि खालचा द्रव स्वच्छ दिसतो. बंध असतील तर पीपीच्या थेंबांना चिकटलेल्या नायलॉनच्या साखळ्या त्यांना द्रवात धरून ठेवतात आणि दुधासारखं पांढरं मिश्रण टिकतं. हे ॲसिड कातडी जाळतं. हातमोजे, चष्मा आणि फ्यूम कपाट, तिन्ही हवेत. थेंबांचा आकार पाहायचा असेल तर पट्टी द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून तोडावी आणि तुटलेला भाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरावा. गुळगुळीत खळगे दिसले तर थेंब निसटले आहेत, पकड नाही.

काय बिघडतं

गेटजवळ (रस साच्यात शिरतो त्या तोंडाजवळ) पापुद्रे सुटत असतील तर दुवा कमी आहे, किंवा इंजेक्शनचा वेग इतका जास्त आहे की थेंब पत्र्यासारखे पसरतात. आधी वेग कमी करून पाहावा, तो उपाय फुकटचा आहे. पट्टीवर चंदेरी रेघा म्हणजे ओलावा. दोरी डायमधून येताच फुगत असेल आणि टाकीत वारंवार तुटत असेल तर रचना अजून जाड आहे. चकत्या कमी पडताहेत किंवा घट्टपणाचं गुणोत्तर चुकलंय. दुवा घातल्यावर मेल्ट फ्लो एकदम उतरला तर घाबरू नये. साखळ्या जोडल्या गेल्याचं ते लक्षण आहे, साच्याचा दाब थोडा वाढवावा लागतो.

सगळ्याच जोड्यांना दुवा लागत नाही. पॉलिकार्बोनेट आणि एबीएस एकजीव नसूनही पुरेसे जवळचे असल्याने तसेच नांदतात. पॉलिकार्बोनेट आणि पीबीटी (एक पॉलिएस्टर) यांचा त्रास उलटा आहे: तिथे दोघांच्या साखळ्या गरम रसात एकमेकींचे तुकडे अदलाबदल करू लागतात. प्रत्येक रिग्राइंडबरोबर (माल दळून पुन्हा वितळवताना) पीबीटीचा वितळणबिंदू मूळच्या २२३ अंशांवरून खाली सरकतो आणि रसायनांना तोंड देण्याची ताकद जाते. तिथे फॉस्फरसयुक्त स्टॅबिलायझर घालून ती अदलाबदल थोपवतात.

भंगारातली मिश्रणं

धारावीसारख्या ठिकाणी भंगार निवडणारे हात जे काम करतात, ते याच विज्ञानाची पहिली पायरी आहे. पाण्यात टाकलं की पॉलिएथिलीन आणि पीपी तरंगतात, नायलॉन, पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक), पीव्हीसी, एबीएस बुडतात. पण पॉलिएथिलीन आणि पीपी दोन्ही तरंगत असल्याने पाणी त्यांना वेगळं करत नाही, आणि एकमेकांत ती ठिसूळपणा आणतात. कॉर्नेल आणि मिनेसोटा विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१७ साली दाखवलं की दोघांचेच आळीपाळीने चार तुकडे असलेली साखळी एक टक्का घातली तरी हे मिश्रण चिवट होतं.

पॉलिएथिलीन-नायलॉनचे थर असलेली पाऊच फिल्म पुन्हा वापरताना सर्रास होणारी चूक म्हणजे ती एलडीच्या (साध्या पिशव्यांच्या मऊ पॉलिएथिलीनच्या) सवयीने १८० अंशांवर चालवणं. नायलॉन वितळतच नाही, फिल्ममध्ये खडे राहतात आणि जाळी तुंबते. तापमान २३० च्या वर हवं आणि कलम केलेलं पॉलिएथिलीनही वरून घालावं लागतं, कारण थर चिकटवायला वापरलेलं तेवढंच एवढ्या सीमेला बहुधा पुरत नाही.

पीईटीत शिरलेल्या पीव्हीसीला मात्र कुठलाच दुवा वाचवत नाही. घनता जवळपास सारखी, त्यामुळे पाण्यात दोन्ही बुडतात. पीईटीच्या २७० अंशांत पीव्हीसी हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडतं, ते पीईटीच्या साखळ्या तोडतं आणि किलोमागे दहावा भाग ग्रॅम पीव्हीसीही माल पिवळा करायला पुरतं. शंका आली तर तांब्याची तार लाल तापवून तुकड्याला लावावी आणि पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली तर ते पोतं बाजूला काढून ठेवावं.